मल्हारची झोप

"हात काढ भाईर. डावा."

मल्हारनं डोळे न उघडताच पांघरुणातनं हात बाहेर काढला. रातपाळी करून नुकताच आला होता. अंगाला मळीचा वास तसाच, आणि झोप अशी लागलेली, की कुणी तो हात कापून नेला असता तरी त्यानं 'न्या' म्हटलं असतं. बिराप्पानं चाचपत चाचपत पोराचं मनगट धरलं आणि त्यावर एक काळा पट्टा आवळला.

"काय हाय हे, आबा?"

"घड्याळ."

"किती वाजले?"

"ह्यात वाजत न्हाय काय. झोप तू."

मल्हार झोपला. झोपेच्या बाबतीत त्याची बरोबरी करणारा सगळ्या ईट गावात कुणी नव्हता. लहानपणी एकदा मेंढरात लांडगा शिरला होता. कुत्री तुटून पडली, माणसं बोंबलली, लांडगा कोकरू घेऊन गेलासुद्धा, आणि हे पोरगं बाभळीखाली जसं पडलं होतं तसंच सकाळी उठून म्हणालं, दूध कुठं हाय. मेंढरं राखायला असलं पोरगं काय कामाचं? म्हणून मग त्याला शाळेत घातलं, आणि शाळेनंतर साखर कारखान्यात मशीनवर. हंगामात तिथं आठवड्याला पाळी बदलायची. पाळी बदलली की बाकीची माणसं पित्तानं हैराण व्हायची, पोरांवर खेकसायची. मल्हारचं तसं काही नाही. सकाळ असो, भर दुपार असो, टेकला की गेला.

चुलीपुढनं त्याची बायको प्रतीक्षा हे सगळं बघत होती.

"मामा, ते घड्याळ तुमाला घालायचं सांगितलंय ना डॉक्टरबाईनं?"

"गप ए. बिरोबाला लंगडं कोकरू सोडतेत का कधी?"

"आता त्येचा काय संबंध?"

"मागणाऱ्याला घरातलं चांगलं तेच द्यायचं असतंय. माझ्या झोपंचं काय राह्यलंय, चिंध्या नुसत्या. ही बघ झोप. घोरतंय कसं बोकडावानी."

प्रतीक्षा हसली आणि भाकर थापायला लागली. म्हाताऱ्याची ही जुनी खोड तिला माहीत होती. रक्त तपासायचं म्हटलं की आधी दोन दिवस गूळ बंद, भात बंद, चहा बिनसाखरेचा. रिपोर्ट चांगला आला की घरी येऊन वाटीभर शिरा. डॉक्टरच्या पुढं चांगलं दिसायचं, ही त्याची रीत. पाहुण्यापुढं फाटकी गोधडी टाकत नाहीत, तसंच ते.

आता हे घड्याळ आलं कुठनं, ते सांगायला पाहिजे.

बिराप्पाचा डावा डोळा तरुणपणीच गेला होता, बोराटीच्या काट्यानं. उरलेल्या एकावर त्यानं सगळा जन्म काढला. मेंढरं राखली, लग्न केलं, बायको पोचवली, दारातली दोन-चार सोडून मेंढरं विकली. मग तो एकही शुगरनं धरला. आधी डोळ्यापुढं जाळी आली, मग लाल पाणी आल्यासारखं झालं, मग काहीच नाही. इथवर ठीक होतं. आंधळा झाला तो झाला. पण वर्ष झालं नाही तोच त्या आंधळ्या डोळ्यात कळ मारायला लागली. आत कुणी दाभण फिरवतंय अशी कळ. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, दिसत तर नाहीच, डोळा काढून टाकू, दुखणं थांबेल.

बिराप्पा म्हणाला, "आलो तवा दोन घिऊन आलो व्हतो. जाताना एक तरी राहू द्या."

त्याच सुमारास आयुबची पोरगी गावाला आली. आयुब म्हणजे मेंढरांचा सौदागर. बिराप्पाची मेंढरं आधी आयुबचा बाप घ्यायचा, मग आयुब. ही त्याची पोरगी तरन्नुम शिकून शिकून पार मेंदूपर्यंत गेली होती. डॉक्टर होती, पण गोळ्या देणारी नव्हे. मेंदूला झोप कशी येते, कधी येते, कोण आणतं, याचा ती शोध लावत होती. शुगरनं डोळा गेला की माणसाची झोपही का बिघडते, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी ती जिल्ह्यात हिंडत होती. बेंबळीत हिंडली, आता आपल्या गावात आली. शुगरवाल्या माणसाच्या मनगटावर एक पट्टा बांधायची. माणूस कधी हालतो, कधी शांत पडतो, ते तो पट्टा धरून ठेवायचा.

तिनं बिराप्पाला वट्ट्यावर बसून समजावलं होतं. बाप शेजारीच होता.

"चाचा, डोळ्याला दोन कामं असतात. एक दिसण्याचं. दुसरं म्हणजे मेंदूला सांगायचं, दिवस झाला, रात झाली. कधी कधी दिसणं जातं, पण हे सांगणं शिल्लक राहतं. तुमचं राहिलंय का ते बघू. झोप नीट सूर्यासोबत चालत असली तर डोळा काढायची घाई नको. दुखण्याला दुसरं काही करू."

"अरे यार बिराप्पा," आयुब मधेच म्हणाला, "पोरगा साखर करतो आणि बाप साखरेनं मरतो. उलटा कारोबार है तुम्हारा."

"तुला बी शुगर हाय की. तुज्या पायाची जखम काय गुळानं झालीय व्हय?"

दोघं म्हातारे हसले. त्या हसण्यात पोरीचं निम्मं बोलणं वाहून गेलं. बिराप्पाच्या कानात राहिलं ते एवढंच, की झोप नीट असली तर डोळा वाचतो. आणि आपली झोप कशी आहे ते त्याला ठाऊक होतं. कळ लागली की कूस बदल, उशी बदल, कण्हत पडून राहा. असली झोप दाखवली तर डोळा गेलाच म्हणायचा. म्हणून त्यानं घरातली सगळ्यात धडधाकट झोप काढून दिली.

मल्हारला यातलं काही माहीत नव्हतं. तो विचारायचाही नाही. आबांचं मनगट सुजतं, पट्टा रुततो, एवढं त्याला सांगितलं होतं. तो पट्टा घालून कारखान्यात जायचा, पट्टा घालून झोपायचा.

मग एक दिवस आयुबच्या घरी दोघं गेले, पट्ट्यातनं काय निघालं ते ऐकायला. मल्हार रातपाळीवरनं सरळ आला होता. पट्टा काढून बापाच्या खिशात टाकला, बापाला मोटरसायकलवर बसवलं, आयुबच्या बैठकीत नेऊन टेकवलं, आणि स्वतः भिंतीला पाठ लावली. तरन्नुमनं पट्टा घेतला, लॅपटॉप उघडला तोवर ह्याची मान खाली गेलेली.

झोपेत त्याला बोलणं ऐकू येत होतं, विहिरीतनं यावं तसं.

"चाचा, रात्रीचे फिरता तुम्ही?"



"व्हय. हिंडतो."

"इतकं?"

"कळ लागली की हिंडतो."

"आणि मग दिवसा झोपता?"

"झोपतो की. लई गाढ झोपतो मी पोरी."

 मग तरन्नुमचा आवाज, हळू झालेला. "चाचा, तुमची झोप एका जागी नाही. सरकत चाललीय. दिवस कुठला, रात कुठली, ते डोळा सांगत नाही आता. दुसरं कामही गेलं त्याचं."

"म्हंजी नापास?"

"पास-नापास नसतं चाचा यात. पण मग ठेवून तरी काय करायचं? दुखणं तरी जाईल. मी सांगते दवाखान्यात तसं."

बिराप्पाला तिथंच बोलता आलं असतं. का बोलला नाही, ते त्यानं पुढं सांगितलं. त्याचा हिशेब साधा होता. घरातली सगळ्यात चांगली झोप दिली, ती पास झाली नाही, तर माझ्या चिंध्यांचं काय झालं असतं? आणि आयुबच्या घरात, आयुबच्या पोरीला, मी तुला फसवलं म्हणून सांगायचं?

"आब्बा, उठवा त्यांना," तरन्नुम म्हणाली. "चाचांना घरी नेतील."

आयुबनं मल्हारच्या मांडीवर थाप मारली. "उठ रे कुंभकर्णा. तुझ्या बापाच्या डोळ्याचा फैसला झाला आणि तू घोरतोय."

मल्हार हसत हसत उठला. नंतर त्याला ते हसणं किती तरी वेळा आठवलं.

डोळा काढला. दुखणं गेलं. खरंच गेलं. दवाखान्यातनं आल्यावर बिराप्पा काळा चष्मा घालून वट्ट्यावर बसला तेव्हा लोक म्हणाले, म्हातारा दहा वर्षांनी लहान झाला. आयुब खिमा घेऊन आला. प्रतीक्षा म्हणाली, आधीच काढायला पाहिजे होता, फुकट हाल केले. मल्हारलाही तसंच वाटलं.

मग म्हाताऱ्याची झोप हालली.

आधी लक्षात आलं नाही. नेहमी उजाडायच्या आत उठून बसणारा माणूस ऊन वट्ट्यावर आलं तरी उठेना. बरं झालं, आराम मिळतोय, म्हणून कुणी उठवलं नाही. मग ऊन वट्ट्यावरनं अंगणात गेलं तरी तो झोपलेला. मग जेवणाची वेळ. प्रतीक्षा ताट घेऊन उभी, आणि सासरा गाढ. चार वाजता उठायचा, तोंड धुवायचा आणि चहा मागायचा. दिवेलागणीला पायात चप्पल घालून, काठी घेऊन दारातल्या दोन-चार मेंढरांना सोडायला निघायचा. हात धरून परत आणावं लागे.

"मामा, रात होत आली."

"म्हाईत हाय मला. गप."

"मग कुठं निघालात?"

"अंग निघालंय. मी काय करू?"

काही दिवसांनी फिरत फिरत त्याची झोप पुन्हा बरोबर रात्रीवर आली. सगळ्यांना वाटलं, बसली घडी. पण ती थांबली नाही. तशीच पुढं गेली. गाव एका दिवसात राहत होतं आणि बिराप्पा दुसऱ्याच. घर एकच, दार एकच, पण तो त्या दारानं कुठल्या वेगळ्याच गावात ये-जा करतोय असं वाटायचं. भर दुपारी, शेजारणी तिखट कांडत असताना, तो आतल्या खोलीत मेल्यासारखा पडलेला असे. आणि सगळं घर निजलं की भिंतीला हात लावत, हात लावत, त्याचं चालणं सुरू व्हायचं. भांड्याला धक्का लागू नये म्हणून जपून. त्या जपण्याचाच आवाज जास्त यायचा.

गल्लीत कुजबुज झाली. बाहेरचं आहे म्हणाले. डोळ्याची रिकामी जागा, तिथं काहीतरी येऊन बसलंय म्हणाले. प्रतीक्षानं कुणाच्या सांगण्यावरनं उंबऱ्याला लिंबू बांधलं. मल्हारनं बघितलं, पण सोडलं नाही.

एकदा पहिली पाळी करून तो दुपारी घरी आला, तर बाप खाटेवर उठून बसलेला. दारातनं एसटी गेली. मशिदीतनं अजान झाली. कुणाचा तरी कोंबडा अवेळी ओरडला. बिराप्पानं तिन्ही ऐकलं, दर वेळी मान तिकडं वळवली.

"दुपार हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय आबा."

"कानाला कळतंय रं मल्हार. अंगाला कळंना. काय तरी व्हतं आत, सकाळ झाली की हाक मारायचं. त्ये मेलं बघ."

त्या दिवसापासनं मल्हारची झोप गेली. लांडग्याला न उठणारा माणूस, पण आता चप्पल सरकली तरी डोळे उघडायचे. मग पडल्या पडल्या तो ऐकत राहायचा. भिंतीवरनं सरकणारा हात. थांबलेला श्वास. एवढ्यात बाप दारापाशी असेल. एवढ्यात रांजणापाशी. कारखान्यात मशीनपाशी उभ्या उभ्या डुलकी लागायची आणि तिथंही त्याला तो हात ऐकू यायचा, लोखंडावरनं फिरल्यासारखा. शेजारच्या मशीनवरचा शंभुलिंग म्हणाला, "काय मल्हारराव, बायकोनं घराभाईर काढलं का काय? डोळे बघा की, मिरचीवानी झालेत." मल्हार हसला नाही, तेव्हा शंभुलिंग गप्प झाला.

हंगाम संपत आला तशी तरन्नुम परत आली. ऑपरेशन झालेल्या माणसाला तिला पुन्हा एकदा पट्टा बांधायचा होता. या वेळी मल्हारनं तो स्वतः बापाच्या मनगटावर बांधला. काही दिवसांनी ती तो न्यायला आली. दुपार होती. बिराप्पा आत झोपलेला. ती वट्ट्यावर बसली, मांडीवर लॅपटॉप घेतला, वायर लावली आणि बराच वेळ बघत राहिली.

"फरक नाही," ती म्हणाली. "आधीसारखंच आहे. म्हणजे डोळा काढल्यानं काही बिघडलं नाही. मला तीच काळजी होती."

आतनं प्रतीक्षा म्हणाली, "असं कसं ताई? आधी तर मामा कोंबड्याच्या आधी उठून बसायचे. रोज."

"दुखण्यानं जाग येत असेल, भाभी. या, बघा मल्हारभाऊ. वरचं ऑपरेशनच्या आधीचं, खालचं आताचं. एक आडवी ओळ म्हणजे एक दिवस. काळं आहे ती झोप. दोन्हीकडं कशी सरकत चाललीय बघा."

मल्हारनं वाकून बघितलं. खालचं त्यानं ओळखलं. तो बापच होता, रोज थोडा थोडा उशिरा, एखाद्या जनावरानं दावं ओढत ओढत खुंट्यापासनं लांब जावं तसा.

मग त्यानं वरचं बघितलं. वरचं सरकत नव्हतं. वरचं उडी मारत होतं. काही दिवस काळं इथं, मग एकदम तिथं. आणि मधे एका ओळीत काळं अजिबात नव्हतं. 

"बाई, ह्या दिवशी माणूस झोपलाच न्हाय?"

"हो. त्या दिवशी दुखणं फार असेल."

"दुखणं न्हाय. गौरीशंकर आला नव्हता."

"कोण गौरीशंकर?"

"माझ्या बदलीचा माणूस. मला डबल पाळी करावी लागली त्या दिवशी."

तरन्नुमला पहिल्यांदा कळलं नाही. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग स्क्रीनकडं, मग परत त्याच्याकडं. त्याच्या डाव्या मनगटाकडं. आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

"आबांनी मला बांधलं व्हतं," मल्हार म्हणाला. "हे मनगट माझं हाय बाई. सगळं वरचं माझं हाय."

तिनं लॅपटॉप मिटला नाही, उघडाच खाली ठेवला. मग अगदी साध्या आवाजात विचारत गेली, जसं कुणाचा पत्ता विचारावा.

"ते रात्री हिंडायचे नाहीत?"

"न्हाय. पडून राहायचे. कण्हायचे, पण पडून."

"संध्याकाळी कधी पडायचे?"

"दिवे लागले की."

"आणि सकाळी?"

"उजाडायच्या आत वट्ट्यावर. हितंच, तुमी बसलाय तितं. कुणी उठवायला लागायचं न्हाय."

"पावसाळ्यात? ढग असले की?"

मल्हारनं आठवलं. "जरा उशिरा."

तरन्नुमनं डोक्यावरची ओढणी पुढं ओढली. "म्हणजे कळत होतं त्या डोळ्याला," ती म्हणाली. "दुखत होतं, पण कळत होतं."

दारात प्रतीक्षा उभी होती. पिठाचे हात तसेच. "मी बघितलं व्हतं," ती म्हणाली. "बांधताना बघितलं व्हतं मी. मी हसले."

"मीसुद्धा विचारलं त्यांना, रात्री हिंडता का म्हणून. हो म्हणाले, आणि मी मानलं. एक दिवस इथं येऊन पहाटे बसले असते तर..." तरन्नुमनं ते वाक्य तिथंच सोडलं. मग म्हणाली, "ते परत येत नाही, मल्हारभाऊ. खोटं नाही सांगणार. एक गोळी असते, रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळेला द्यायची. काही जणांची घडी बसते तिनं. मी दवाखान्यात बोलते, सुरू करू. चाचांना मी सांगते. मलाच सांगायला पाहिजे."

"नगं," मल्हार म्हणाला. "मी सांगतो."

ती गेल्यावर तो बाप उठायची वाट बघत खोलीच्या दारात बसला. बसून बसून ऊन पायावर आलं, पायावरनं गेलं. बिराप्पा उठला तेव्हा मल्हारनं कोमट पाण्याचं घमेलं आणलं. शुगरच्या माणसाच्या पायाला कुठं चिरलं-बिरलं तर त्याला कळत नाही, म्हणून रोज पाय धुवून बोटांच्या बेचक्या बघायच्या, असं दवाखान्यात सांगितलेलं. ते काम प्रतीक्षा करायची. आज त्यानं केलं.

पाय हातात घेऊनच त्यानं सांगितलं. सगळं. पट्टा, पाळ्या, गौरीशंकर, वरचं, खालचं. मान वर न करता सांगितलं. वर बघितलं असतं तरी बिराप्पाच्या तोंडावर बघण्यासारखं काही नव्हतं. चष्मा काढलेला होता.

 पाणी गार झालं.

"म्हंजी माझी तुटकीच द्यायची व्हती," तो म्हणाला.

"व्हय आबा."

"तुटकी चालली असती?"

"तुटकीच पायजे व्हती."

बिराप्पानं मान हलवली. एखादा रस्ता चुकल्यावर, चुकला कुठं ते कळल्यावर माणूस हलवतो तशी.

"पोरीचं काम बिघडलं असंल."

"ती काय न्हाय बोलली."

"आयुबला म्हणावं तिला रागवू नगं. तू बी कुणाला दोष दिऊ नगं. प्रतीक्षाला तर आजाबात न्हाय." मग थोड्या वेळानं, "तुला झोप लागती का?"

 मल्हारनं टॉवेलनं पाय पुसला, बोटं एकेक करून पुसली, पुसलेली परत पुसली.

"हा झाला," बिराप्पा म्हणाला. "दुसरा बघ."

कारखान्याची चिमणी थंड झाली. हंगाम संपला. मल्हार घरीच होता. गोळी सुरू झाली होती. काही दिवस वाटायचं लागू पडली, मग परत घसरायचं. तरन्नुम लांबनं फोन करायची, वेळ बदलून बघा म्हणायची. ते वेळ बदलून बघायचे. मल्हारनं एक केलं होतं. बाप उठला की तो उठायचा. मग ती वेळ कुठलीही असो. चहा ठेवायचा, मेंढरांपुढं पाला टाकायचा, बापाला वट्ट्यावर आणून बसवायचा.

चैत्र संपत आला होता. त्या दिवशी बिराप्पाला जाग आली ती ऐन दुपारी. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. पत्रे तडतडत होते, समोरच्या भिंतीकडं बघवत नव्हतं. मल्हारनं त्याला वट्ट्यावर आणला, पाठ भिंतीला टेकवली. चहा दिला.

बिराप्पानं कप दोन्ही हातांनी धरला. 

"ऊन लई हाय न्हवं?"

"लई."

"तोंडाला लागतंय. फरशी पोळतीय. सगळं कळतंय." त्यानं खांदे आवळून घेतले. "पण आतनं थंडी वाजतीय रं. सकाळच्या पारी मेंढरात वाजायची तशी."

मल्हार उठून आत गेला. ट्रंकेच्या तळातली घोंगडी काढली, झटकली. बापाच्या पाठीवरनं घेऊन पुढं छातीवर नीट ओढली, मानेपाशी दुमडली.

डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून गल्लीतला अण्णाराव सायकलवरनं चालला होता. तो थांबला. "आरं मल्हार, म्हाताऱ्याला भाजून काढतोस का काय ह्या उन्हात?"

मल्हार घोंगडी नीट करत राहिला. अण्णारावनं जरा वाट बघितली, मग पायडल मारलं.

बिराप्पाचे दात वाजत होते. मल्हार त्याच्या शेजारी खाली बसला, घोंगडीचं एक टोक उचललं आणि आपल्याही खांद्यावर घेतलं. घाम कानामागनं गळ्यात उतरत होता, तो त्यानं पुसला नाही. हळूहळू बापाचं थरथरणं थांबलं. मग दोघं तसेच, एका घोंगडीत, अंग अंगाला लावून बसून राहिले.